रेघेवरून पळणारं ब्लेड, आणि इतर पत्रं

या खेपेला आलेली जवळजवळ सगळी पत्रं स्क्रोल सॉबद्दल आहेत, आणि त्यातली बरीचशी एकाच वस्तूपाशी येऊन थांबतात : ब्लेड. ज्यांनी हे मशीन पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. दिसायला ते थोडं शिलाई मशीनसारखं असतं. सुईच्या जागी पाच इंच लांबीचं, काडीपेक्षा बारीक करवतीचं ब्लेड. ते टेबलातल्या भोकातून वरखाली होतं आणि लाकूड आपण दोन्ही हातांनी त्याच्याभोवती फिरवतो. मी नोकरीत असताना फाउंड्रीच्या पॅटर्न शॉपमध्ये होतो. ओतकामासाठी लागणारे लाकडी नमुने करणं हे माझं काम. हा छंद मात्र निवृत्तीनंतरचा, त्यामुळे नवशिक्याच्या अडचणी मला अजून ताज्या आठवतात.

प्रश्न : माझं वय ६३. नातवासाठी अक्षरं कापायला घेतली आहेत. पेन्सिलीची रेघ अगदी सरळ असते, पण ब्लेड दर वेळी उजवीकडे निघून जातं. वयामुळे हात थरथरतो म्हणून असं होत असेल का? मुलगा म्हणतो, मशीन विकून टाका.

उत्तर : मशीन विकू नका. हाताचा दोष असता तर ब्लेड कधी डावीकडे गेलं असतं, कधी उजवीकडे. तुमचं दर वेळी एकाच बाजूला जातंय, म्हणजे कारण ब्लेडमध्ये आहे.

एक करून बघा. मशीनचा प्लग सॉकेटमधून काढा, ब्लेड सोडवून हातात घ्या आणि नखाची कड त्याच्या एका बाजूवरून हळूच फिरवा. मग दुसऱ्या बाजूवरून. एका बाजूला नख सुळकन जाईल, दुसऱ्या बाजूला किंचित अडखळेल. पत्रा कापल्यावर त्याच्या कडेला जी बोचरी धार उभी राहते, तिला आम्ही कारखान्यात ‘बर’ म्हणायचो. ब्लेडचे दाते पाडताना तशीच बारीक बर एका बाजूला राहते. ब्लेड मशीनमध्ये दाते आपल्याकडे करून बसवलं की बहुतेक वेळा ती उजवीकडे येते. ती बाजू जास्त कापते, म्हणून ब्लेड तिकडे ओढलं जातं. तुम्ही लाकूड जितकं सरळ पुढे ढकलाल तितकं ते रेघ सोडेल.

यावर उपाय म्हणजे लाकूड थोडं तिरकं धरणं. रेघेचं तुमच्याकडचं टोक किंचित उजवीकडे घ्या आणि मग रेघेच्याच दिशेने ढकला. हा कोन फार नसतो, तीन ते पाच अंश. तो मोजत बसू नका. रद्दी फळीवर एक लांब रेघ मारा, ब्लेडला रेघेवर ठेवायचं एवढंच बघत वीतभर कापा, आणि रेघेवर राहून कापलं जायला लागलं की मशीन बंद करून फळी कशी उभी आहे ते पाहा. तीच तुमच्या ब्लेडची दिशा. मी मशीनच त्या अंदाजाने थोडं वळवून ठेवलं आहे, म्हणजे मान आणि खांदे सरळ राहतात. नवीन पाकिटातलं ब्लेड लावलं की ही रेघ पुन्हा एकदा कापून बघायची.

मला हे कुणी सांगितलं नव्हतं. पहिले दोन महिने मी टेबल ढिलं आहे असं समजून त्याचे बोल्ट आवळत होतो आणि बायकोसाठी करायला घेतलेल्या आरशाच्या चौकटीच्या तीन फळ्या वाया घालवल्या. तेव्हा जो मनस्ताप झाला, तो तुम्हाला होऊ नये असं फार वाटतं. आणखी एक : अक्षरं कापताना मधलं भोक (‘क’चं, ‘व’चं) आधी कापा, बाहेरची कड शेवटी. बाहेरची कड आधी कापली तर हातात धरायला काही उरत नाही.

प्रश्न : काका, मी १९ वर्षांचा आहे. पहिलं मशीन घ्यायचं आहे. दुकानदार म्हणाला, पिनवालं घे, ब्लेड बदलायला सोपं. ते घेऊ का? आणि १६ इंची, २० इंची म्हणजे काय?

उत्तर : पिनवालं मशीन घेऊ नकोस. दुकानदाराचं म्हणणं खोटं नाही. ज्या ब्लेडच्या दोन्ही टोकांना आडवी पिन असते ते अडकवायला खरंच सोपं पडतं. पण जाळी कापायची म्हटली की प्रत्येक घरासाठी आधी ड्रिलने भोक पाडून त्यातून ब्लेड ओवावं लागतं. पिनेसकट ब्लेड जायला भोक बरंच मोठं लागतं. बिनपिनेचं बारीक ब्लेड एक-दीड मिलिमीटरच्या भोकातून जातं. तुझ्या नक्षीतलं घर तांदळाएवढं असेल तर पिनवाल्या मशीनवर ते कापताच येणार नाही. शिवाय चांगली बारीक ब्लेडं बहुतेक बिनपिनेचीच मिळतात. काही मशीनवर दोन्ही प्रकार बसतात, तसं मिळालं तर उत्तम. पण बिनपिनेच्या ब्लेडचा क्लॅम्प हाताने आवळता येतो का, की दर वेळी पाना लागतो, ते दुकानातच स्वतः लावून बघ. जाळीच्या एका कामात ब्लेड साठ-सत्तर वेळा सोडवायचं असतं.

१६ इंची म्हणजे ब्लेडपासून मागच्या खांबापर्यंतचं अंतर. तेवढी फळी ब्लेडमागे फिरू शकते. सुरुवातीला १६ पुरेसं आहे. त्यापेक्षा वेग कमी-जास्त करता येतो का हे जास्त महत्त्वाचं. साधारण मशीन मिनिटाला ४०० ते १६०० वेळा वरखाली होतं. अ‍ॅक्रिलिक किंवा पितळ कापायचं तर वेग खाली आणावाच लागतो. अ‍ॅक्रिलिक जोरात कापलं तर वितळून ब्लेडमागे परत चिकटतं.

जुनं मशीन मिळत असेल तर जरूर बघ. बंद मशीनची वरची भुजा हाताने डावी-उजवीकडे हलवून पाहा. डुगडुग नको. मग सुरू करून टेबलावर हात ठेव. थोडी थरथर चालते, ती जड बाकावर बोल्टने आवळून आणि खाली रबराची पट्टी टाकून कमी होते. पण आतून ठोके पडल्यासारखा आवाज आला तर बुश (भुजेच्या सांध्यातल्या धातूच्या नळ्या) झिजलेले असतात, ते घेऊ नकोस.

घरी आणल्यावर पहिलं काम : टेबल ब्लेडशी काटकोनात आहे का ते बघणं. मशीनवरच्या कोनाच्या पट्टीवर भरवसा ठेवू नकोस आणि छोटा गुण्याही इथे नीट टेकत नाही. इंचभर जाडीचा ठोकळा घे, त्याच्या कडेला ब्लेडने दोन-तीन मिलिमीटर आत जाईल एवढीच खाच पाड. मशीन बंद कर. ठोकळा पालथा न करता नुसता अर्धा फिरवून ब्लेडच्या मागच्या बाजूने तीच खाच ब्लेडवर सरकव. सरळ आत गेलं तर काटकोन आहे. अडलं तर टेबल झुकलेलं आहे, आणि खाचेत जो फरक दिसतो तो दुप्पट झालेला असतो, म्हणून लगेच लक्षात येतो. ही युक्ती मला पॅटर्न शॉपमधल्या गुण्यापेक्षाही भरवशाची वाटते.

प्रश्न : दर पाच-सात मिनिटांनी ब्लेड तुटतं. एका आठवड्यात डझनभर संपली. ब्लेड खराब की मी?

उत्तर : कुठे तुटतं ते तुम्ही लिहिलेलं नाही, आणि सगळी गोम तिथेच आहे. तुटलेले तुकडे टाकू नका, टेबलावर मांडून बघा. माझ्या अनुभवात क्लॅम्पच्या तोंडाशी तुटलेलं ब्लेड ताणामुळे किंवा तिरकं बसवल्यामुळे जातं. मधोमध, लाकडात असताना तुटलेलं ब्लेड ढकलल्यामुळे जातं.

ताण आधी बघू. ब्लेड लावून आवळलं की बोटाने तार छेडल्यासारखं छेडा. ठसठशीत, वरच्या पट्टीतला ‘टिंग’ आला पाहिजे. ‘थप्’ असा बसका आवाज आला तर ढिलं आहे. बोटाने बाजूला दाबलं तर दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जास्त हलता कामा नये. बरेच जण तुटेल म्हणून ढिलं ठेवतात. ढिलं ब्लेड लाकडात वाकतं, पिळतं आणि त्यामुळेच लवकर तुटतं.

ब्लेड क्लॅम्पमधून निसटत असेल तर ते तेलकट असतं. नवीन ब्लेडवर गंज चढू नये म्हणून तेलाचा हात असतो. दोन्ही टोकं फडक्याने पुसा आणि बारीक सँडपेपर एकदा फिरवा.

आता ढकलण्याबद्दल. कापायचं काम ब्लेडला त्याच्या चालीने करू द्यायचं असतं. लाकूड ढकलताना ब्लेड मागे कमानीसारखं वाकलेलं दिसत असेल तर तुम्ही त्याच्यापुढे पळताय. हात आपोआप जोर लावायला लागले, म्हणजे दाते गेले. ब्लेड बदला. टणक लाकडात मी एक ब्लेड पंधरा-वीस मिनिटांपेक्षा जास्त वापरत नाही. साग दिसायला मऊसूत, पण त्यात सिलिका असते, ती दात्यांची धार खाते. तिथे तर आणखी लवकर बदलतो. बोथट ब्लेडने काम रेटून फळी बिघडवण्यात काहीच शहाणपण नाही. त्या फळीवर आपले तीन-चार दिवस गेलेले असतात.

नंबरही तपासा. नंबर जितका मोठा तितकं ब्लेड रुंद. तीन मिलिमीटरच्या प्लायला २/० (हे शून्य नंबरपेक्षाही बारीक) किंवा १, सहा ते बारा मिलिमीटरला ३, पाऊण इंचाला ५, इंचभर टणक लाकडाला ७ किंवा ९. कुठल्याही क्षणी निदान तीन दाते लाकडात असले पाहिजेत. पातळ प्लायवर ९ नंबर लावलं तर ते कापण्याऐवजी फळीला हिसके देतं.

प्रश्न : प्लायवूडची खालची बाजू फार कुसळते. घासून घासून नक्षीच मोडते.

उत्तर : उलट दात्याचं ब्लेड घ्या. त्याचे खालचे काही दाते वर तोंड करून असतात, ते वर जाताना खालची कुसळं कापून नेतात. मात्र ब्लेड बसवताना भुजा सर्वांत वर असताना दोन-तीन उलटे दाते टेबलाच्या वर दिसले पाहिजेत. नाहीतर त्यांचा उपयोग शून्य, आणि जास्त वर आले तर फळी उचलली जाते. टेबलातलं भोक मोठं असेल तर पातळ प्लायच्या तुकड्याला बारीक भोक पाडून तो त्यावर चिकटवा, म्हणजे लाकडाला खालून आधार मिळतो. कड जळून काळी पडते असंही तुम्ही पुढे लिहिलंय. त्याला फळीवर चिकटवलेल्या नक्षीच्या कागदावरून पारदर्शक पॅकिंग टेप चिकटवा. फरक तुम्हाला पहिल्याच वळणावर दिसेल.

प्रश्न : माझी दहा वर्षांची मुलगी मी काम करताना शेजारी उभी असते आणि आता तिला स्वतः कापायचंय. हे मशीन मुलांना देण्याइतकं सुरक्षित आहे असं ऐकलं. खरं का?

उत्तर : ताई, तिला शिकवा, पण मशीनपासून सुरुवात नको. सुतारकामाच्या इतर विजेच्या करवतींच्या मानाने स्क्रोल सॉ सौम्य आहे हे खरं. लाकूड भिरकावत नाही, ब्लेड बारीक असतं. तरी बोट समोर आलं तर ते बोट कापतं, आणि फळी नीट दाबली नाही तर ती ब्लेडबरोबर थडथड उडायला लागते. दहा वर्षांचं मूल अशा वेळी दचकून हात पुढे नेतं.

तिला आधी हाताची फ्रेट सॉ द्या. यू आकाराची चौकट, तिच्यात हीच पाच इंची ब्लेडं बसतात. टेबलाच्या कडेला व्ही आकाराची खाच पाडलेली फळी क्लॅम्पने आवळा. लाकूड त्या खाचेवर ठेवून, करवत उभी धरून वरखाली करायची. दाते मुठीकडे, म्हणजे खालच्या दिशेला. ती खाली ओढताना कापते. यात मुलांना लाकडाचे रेषे हाताला कळतात : कुठे करवत सुरळीत जाते, कुठे अडते. ही समज मशीन देत नाही, आणि ज्यांना ती असते ते मशीनवर वेगळंच काम करतात. हे मी नुसतं ऐकीव सांगत नाही. पॅटर्न शॉपमध्ये आम्हालाही पहिले सहा महिने हातकरवतीशिवाय कशाला हात लावू दिला नव्हता.

पहिली वस्तू : सहा मिलिमीटर प्लायवर मोठा मासा किंवा हत्ती, चार-पाच तुकड्यांचं कोडं. तिला सांगा की या कोड्यांची सुरुवातही अशीच झाली. १७६० च्या दशकात लंडनमध्ये जॉन स्पिल्सबरी नावाच्या नकाशे कोरणाऱ्या माणसाने नकाशा लाकडावर चिकटवून देशांच्या सीमांवरून कापला, मुलांना भूगोल शिकवायला. तीही एखादा नकाशा तसा कापू शकेल. घरात तीन वर्षांखालचं मूल असेल तर तुकडे मोठेच ठेवा, तोंडात जातील असे नकोत.

ती स्वतः ब्लेड बरोबर दिशेला लावून ताण तपासायला लागली, की तिला तुमच्या शेजारी बसवून मशीनवर घ्या. केस बांधलेले, सैल बाह्या नाहीत, डोळ्यांवर चश्मा. मशीनला पायाचा स्विच जोडून घ्या. पाय उचलला की मशीन बंद, दोन्ही हात फळीवरच राहतात.

आणि मास्क, तुम्हाला दोघींनाही. स्क्रोल सॉचा भुसा इतका बारीक असतो की पडलेला दिसतही नाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये लाकडाच्या धुळीला माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातलं आहे, मुख्यतः नाकाच्या आणि सायनसच्या कर्करोगामुळे. छंदापुरतं काम करणाऱ्याने घाबरून जायचं कारण नाही, पण एन ९५ मास्कशिवाय मी बसत नाही. एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेली फळी) तर मुलीला देऊच नका. त्यात लाकडाच्या धुळीबरोबर रेझिनही असतं.

प्रश्न : एका लाकडात दुसऱ्या लाकडाचं पान बसवायचा प्रयत्न केला. दोन्ही फळ्या एकावर एक ठेवून कापल्या, तरी पानाभोवती फट दिसते. गोंदात भुसा कालवून भरला, तो उठून दिसतो. काय चुकलं?

उत्तर : काही चुकलं नाही, ब्लेडने जेवढं लाकूड खाल्लं तेवढी फट राहिली. पाच नंबरचं ब्लेड साधारण ०.४ मिलिमीटर जाड असतं. ते गेलेलं लाकूड सरळ कापून परत येणार नाही. फ्रान्सच्या चौदाव्या लुईच्या काळात आंद्रे-शार्ल बूल (१६४२–१७३२) कासवाची पाठ आणि पितळेचे पत्रे असेच एकावर एक ठेवून कापायचा. एका कापात दोन जुळी नक्षीकामं मिळायची, एकात पितळ कासवाच्या पाठीत, दुसऱ्यात कासवाची पाठ पितळेत. त्याच्या कामातही ही बारीक रेषा असते आणि तिथे ती शोभते. तुम्हाला ती नकोय, म्हणून टेबल तिरकं करा.

ओतकामाच्या लाकडी नमुन्याला आम्ही बाजूंना एक-दोन अंशांचा उतार देत असू, म्हणजे तो वाळूतून मोकळा निघतो. इथे तोच उतार उलट कामाला लावायचा. तिरकं कापलं की वरच्या फळीतलं पान बाटलीच्या बुचासारखं होतं, वर रुंद, खाली निमुळतं. खालच्या फळीतलं भोक त्याच्यापेक्षा किंचित लहान असतं. वरचं पान त्यात सोडलं की जाता जाता घट्ट होतं आणि फट बुजते.

किती तिरकं? ब्लेडची जाडी भागिले एका फळीची जाडी, आणि त्याचा साइन व्यस्त (कॅल्क्युलेटरवरचं sin⁻¹ बटण). फळ्या सहा-सहा मिलिमीटरच्या असतील तर ०.४ ला ६ ने भागून त्याचा साइन व्यस्त घेतला की जवळजवळ ३.८ अंश येतात. तीन मिलिमीटरच्या असतील तर ७.७. फळी पातळ झाली की टेबल जास्त झुकवावं लागतं, आणि इथेच बहुतेक जण चुकतात. हिशोब नुसता सुरुवातीपुरता. त्याच दोन लाकडांच्या रद्दी तुकड्यांवर रुपयाएवढं वर्तुळ कापून बघा. पान वर उरलं तर कोन कमी करा, खाली बुडालं तर वाढवा. अर्ध्या अंशाने फरक पडतो.

पूर्ण पान एकाच दिशेने फिरवत कापायचं. मध्येच दिशा बदलली तर त्या भागाचा उतार उलटा होतो आणि बूच बसत नाही. कुठली दिशा, ते टेबल कोणीकडे झुकलंय त्यावर अवलंबून, म्हणून वर्तुळ कापून पान आत घट्ट बसतं की सरळ पडून जातं ते बघा आणि दिशेचा बाण फळीवरच काढून ठेवा. सुरुवातीचं भोकही त्याच कोनात, शक्य तितकं बारीक, आणि नक्षीत जिथे शीर किंवा देठ येतो तिथे पाडा, म्हणजे ते झाकलं जातं.

प्रश्न : घड्याळाची जाळी तीन आठवडे कापत होतो. शेवटच्या दिवशी एक वेलांटी तुटून पडली. सगळं टाकून द्यावंसं वाटतंय.

उत्तर : टाकू नका. असं झालं की काय वाटतं ते मला माहीत आहे, आणि तुटलेला भाग जोडता येतो हेही माहीत आहे. तुमची वेलांटी बहुधा रेषे आडवे आलेत तिथे तुटली असणार. लाकूड रेषांच्या दिशेने बळकट असतं, आडव्या रेषांचा अरुंद भाग काडीसारखा मोडतो. पुढच्या वेळी नमुना चिकटवण्याआधी तो फिरवून बघा आणि सगळ्यात अरुंद भाग रेषांच्या दिशेला आणा. किंवा प्लाय वापरा, त्यात थर आलटून पालटून असल्यामुळे दोन्हीकडून बळ मिळतं. घरं कापतानाही मधून सुरुवात करून बाहेर या, म्हणजे शेवटपर्यंत कडेचं भक्कम लाकूड हातात राहतं.

आता आधी तो तुकडा शोधा. झाडू मारण्याआधी, व्हॅक्यूम लावण्याआधी. मशीनखालचा सगळा भुसा पिठाच्या चाळणीने चाळा, टेबलाच्या भोकाखाली पाहा, स्वतःच्या मांडीवर, खिशात पाहा. सापडला की तुटलेल्या कडा अजिबात घासू नका. तुटलेल्या कडांचे दातेच एकमेकांत नेमके बसतात. काडीच्या टोकाने लाकडाचा गोंद दोन्हीकडे थेंबभर लावा, तुकडा बसवा, वरून मास्किंग टेपची पट्टी ताणून चिकटवा आणि मेणकागदावर सपाट ठेवून द्या. एक रात्र हात लावू नका.